गावाचं नाव लावलेल्या बाया

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडता निवडता, गोधडीला टाके घालता घालता ऐकलंत तरी चालेल. आज सुरुवातीला काही नावं सांगते. पवळा हिवरगावकर, सत्यभामाबाई पंढरपूरकर, यमुनाबाई वाईकर, विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, गुलाबबाई संगमनेरकर. ही सगळी तमाशातल्या आणि लावणीतल्या कलावंत बायांची नावं. या नावांत एक गोष्ट सारखी आहे, ध्यानात आली का? कुणाच्या नावापुढं सासरचं आडनाव नाही, माहेरचंही नाही. प्रत्येकीनं गावाचं नाव लावलं आहे.

तमाशातले पुरुषही गावाचं नाव लावत, हे खरं. पण बाईनं असं नाव लावलं की त्याचा अर्थ जरा निराळा होतो. आपल्याकडं बाईची ओळख कशी होते? अमक्याची लेक, तमक्याची सून, ह्याची आई. जिच्या पायात चाळ आहे, तिला यातली एकही ओळख समाजानं धड मिळू दिली नाही. मग तिनं गावाला आपल्या नावाशी बांधून घेतलं. नारायणगाव, हिवरगाव, वाई ही गावं हजारो माणसांच्या तोंडी गेली, त्यात या बायांचा वाटा मोठा. आता आपण उलटा प्रश्न विचारू. गावाचं नाव तिनं मोठं केलं, मग गावानं तिच्यासाठी काय केलं? आणि आज एखादी नवी पोरगी याच वाटेनं चालू म्हणाली, तर आपण बायांनी तिच्यासाठी काय करायचं? आजचं बोलणं याच दोन प्रश्नांवर आहे.

शब्द शाहिराचे, अदा तिची

आधी थोडं मागं जाऊ. पेशवाईच्या शेवटच्या काळात लावणीला मोठा बहर आला. सोलापूरचे राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ हे त्या काळचे नामांकित शाहीर. जातीधर्मानं बघाल तर सगळे एका पंगतीतले नव्हेत. राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. लावणीनं या सगळ्यांना जवळ केलं. पण हे सगळे पुरुष.

आणि लावणीत बोलतं कोण? बाई बोलते. तिचा सखा आलेला नाही, तिला झुरणी लागली आहे, ती रुसली आहे, ती काहीतरी मागते आहे. म्हणजे मन बाईचं, शब्द पुरुषाचे. तमाशाच्या फडात तर नाचायलाही बाई नव्हती. लुगडं नेसून ‘नाच्या पोऱ्या’ नाचायचा. बाया गायच्या-नाचायच्या त्या बैठकीत, सरदारांच्या वाड्यांवर.

अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, हे तुम्हाला माहीत आहे. जनाबाई दासी होती, पण तिनं आपल्या अभंगात आपलं नाव घातलं, म्हणून सातशे वर्षांनी आपण ‘जनी’ म्हणून तिला ओळखतो. लावणीच्या शेवटीही असंच नाव येतं, पण ते शाहिराचं. नाचणारीच्या नावाला त्यात जागा नाही.

मग तिनं काय केलं? तिनं अदा केली. अदा म्हणजे डोळा, भुवई, मान, बोटं आणि पदर यांनी सांगितलेला अर्थ. बैठकीच्या लावणीत कलावंतीण खाली बसून गाते. तिथं उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा गाते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते. समजा ओळ एवढीच आहे की तो अजून आला नाही. पहिल्यांदा ती दाराकडं बघते. दुसऱ्यांदा तिला राग येतो. तिसऱ्यांदा सासूनं ऐकलं की काय म्हणून ती दचकते. चौथ्यांदा स्वतःच्याच वेडेपणावर हसते. शाहिरानं एक ओळ लिहिली, तिनं त्या ओळीत एक सबंध रात्र उभी केली.

आपल्या जात्यावरच्या ओवीचं असंच नाही का? एकच ओवी दहा गावांत गेली की दहा बायका तिच्यात आपापलं सुखदुःख घालतात. ओवी तीच राहते आणि प्रत्येकीची निराळीही होते. फरक एवढाच की ओवी सगळ्यांची समजली गेली, आणि लावणी लिहिणाऱ्याची.

शाहिराचे शब्द वह्यांत उतरले, पुढं छापले गेले. अदा कुठं लिहिणार? ती एका बाईच्या अंगात असते. तिनं दुसरीला शिकवली तर उरते, नाहीतर तिच्याबरोबर मातीत जाते. म्हणून नव्या पोरीला आधार देणं म्हणजे नुसती दया नव्हे. या कलेत जे बायांनी स्वतःच्या डोक्यानं घातलं, ते टिकवण्याचा दुसरा रस्ता आजवर कुणाला सापडलेला नाही.

पवळा आणि बापूराव

संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा या गावची पवळा. जन्म १८७० सालचा, महार समाजातली. नाच्या पोऱ्याच्या जागी बाई म्हणून तमाशाच्या फडात उभी राहून गाजलेली ही पहिली मोठी कलावंत मानली जाते. तिला बघायला, ऐकायला माणसं लांबून यायची.

त्याच सुमाराला सांगली भागातल्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचे ब्राह्मण घर सोडून तमाशात आले. तेच शाहीर पठ्ठे बापूराव. बापूराव लावण्या रचायचे, पवळा त्या उभ्या करायची. पवळा-बापूरावांच्या जोडीनं महाराष्ट्र वेडा केला, मुंबई गाजवली.

बापूरावांनी फार सोसलं यात शंका नाही. ब्राह्मणानं महार बाईबरोबर फड उभा करणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जातभाईंनी त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं, आणि १९४५ साली ते गेले ते हलाखीतच. पण पुढं काय झालं बघा. बापूरावांच्या लावण्यांची पुस्तकं निघाली, त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यांच्या नावानं पुरस्कार दिले जातात. पवळा १९३९ साली गेली. जी कला तिनं अंगावर वागवली, ती कुठल्या पुस्तकात सापडेल? बापूरावांच्या गोष्टीत ती येते, पण बहुतेक वेळा त्यांच्यामागून येते. एकाच फडावर दोघं उभी होती, आणि आठवण मात्र दोघांच्या वाट्याला सारखी आली नाही.

यात बाई असणं आहे आणि जातही आहे. तमाशातले बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी, गोपाळ अशा समाजांतले. फडाला जत्रेला मानानं बोलवायचं, रात्रभर शिट्ट्या मारायच्या, आणि सकाळी त्याच बाईला पाणी वरून वाढायचं, अशी रीत होती. कलेला टाळी आणि कलावंताला गावकुसाबाहेरची जागा.

फडाच्या पाटीवर बाईचं नाव

आता विठाबाईंकडं येऊ. जन्म १९३५ सालचा, पंढरपुरात. वडील आणि चुलते मिळून फड चालवायचे, भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावानं. विठाबाई त्या फडातच वाढल्या. शाळेचा फळा फारसा बघितला नाही, पण गण, गवळण, लावणी, वग हे सगळं कानावर आणि अंगावर घेतच त्या मोठ्या झाल्या. पुढं फड त्यांच्या नावानं चालला. १९६२ च्या चीनच्या लढाईच्या वेळी त्यांनी आपल्या जवानांसमोर कार्यक्रम केले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा गौरव झाला.

त्यांची एक गोष्ट तमाशाच्या जगात आजही सांगितली जाते. नऊ महिन्यांची गरोदर असताना त्या नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचून तोडली, आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून कार्यक्रम थांबवायला लावला.

ही गोष्ट सांगताना माणसं म्हणतात, केवढी ही कलेवरची निष्ठा! निष्ठा होतीच. पण आपण बायांनी ही गोष्ट ऐकताना आणखी एक गोष्ट विचारायला हवी. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावं का लागलं? कारण फडाची सुपारी तिच्या नावावर ठरते. ती उभी राहिली नाही तर गर्दी खवळते, सुपारीचे पैसे बुडतात, आणि फडातली सगळी माणसं, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारा, स्वयंपाकी, त्या दिवशी उपाशी राहतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना हे समजावून सांगायला नको. उचल घेतलेली असली की पोटातल्या बाळासाठीसुद्धा कोयता खाली ठेवता येत नाही. तमाशातही उचलच असते. हंगामाच्या सुरुवातीला कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, फडमालक सावकाराकडून.

विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. शेवटच्या आजारपणात पैशांची चणचण होती, औषधपाण्यासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. त्यांच्या पश्चात २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच झालं. पण नावाचा पुरस्कार मिळण्याआधी नावाच्या मालकिणीला औषध मिळालं असतं, तर जास्त बरं झालं असतं.

कांताबाई सातारकरांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांचे पती तुकाराम खेडकर हे तमाशातले गाजलेले कलावंत. १९६४ साली ते गेले. पदरात लहान पोरं. अशा वेळी बाईनं दुसऱ्याच्या फडात मिळेल ते काम करावं, असंच जग सांगतं. कांताबाईंनी पुढं स्वतःचा फड उभा केला. त्या नाचायच्या, गायच्या, वगात पुरुषांच्या भूमिकाही रुबाबात करायच्या. मुलगा रघुवीर त्यांच्याच फडात तयार झाला. २०२१ साली करोनाच्या साथीत त्या गेल्या. तेव्हा सलग दोन वर्षं जत्रा बंद होत्या, आणि फडांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या.

विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनीही स्वतःच्या नावानं फड चालवला. आईच्या नावाचा पुरस्कार पुढं लेकीलाही मिळाला. आजही पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक जत्रेची सुपारी ठरवायला तिथं येतात. फळ्यांवर फडांची नावं असतात, आणि त्यांत बायांची नावंही असतात. पाटीवर नाव असणं म्हणजे नुसता मान नव्हे. पैसा कुणाच्या हातात येतो, कुणाला किती वाटा द्यायचा, कुठल्या नव्या पोरीला पहिली लावणी द्यायची, हे ज्याचं नाव पाटीवर आहे तो ठरवतो. आपल्या बचत गटाच्या खात्यावर सही कुणाची चालते, त्यावर गट कुणाचा हे ठरतं ना, तसंच हे.

बदनामी एकीची, कमाई दुसऱ्याची

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. तमाशा अश्लील आहे, असं कारण दिलं. कलावंतांनी दाद मागितली, आणि पुढं अटी घालून बंदी उठली. लिहिलेला वग आधी सरकारी मंडळाकडून तपासून घ्यायचा, अशी पद्धत आली. यानं काही वाईट गोष्टी गेल्या असतील. पण एक प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. चावट ओळी लिहिणारे पुरुष, त्यावर फेटे उडवणारे पुरुष, दौलतजादा करणारे पुरुष. मग अश्लीलतेचा डाग एकट्या नाचणारीच्या पदराला कसा लागला?

त्याच काळात सिनेमानं लावणी उचलली. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात एका थिएटरात १३१ आठवडे चालला. १९७२ साली ‘पिंजरा’ आला. सुलोचना चव्हाणांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता लावण्या गायल्या आणि त्या घराघरांत पोचल्या. या सगळ्या कलावंतांचे कष्ट खरे आहेत, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. सिनेमामुळंच आपल्या आया-मावश्यांनी पहिल्यांदा लावणी बघितली, कारण तमाशाच्या तंबूत घरंदाज बाईनं जायचं नाही असा दंडक होता.

पण पडद्यावरच्या लावणीला इज्जत मिळाली, आणि जिथून ती लावणी आली त्या बाया होत्या तिथंच राहिल्या. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या कला केंद्रांत, पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात त्या रोज रात्री पेटी-तबला-ढोलकीच्या साथीवर नाचत होत्या. याला संगीत बारी म्हणतात. बारीतल्या पार्टीच्या मालकीण बाईच असतात, हे विशेष. कमाईतला एक हिस्सा थिएटरमालकाचा. उरलेल्यात नाचणाऱ्या, गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या सगळ्यांचे वाटे.

अलीकडं थोडं बदललं आहे. अकलूजला १९९० नंतर लावणीच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि परंपरेनं लावणी करणाऱ्या पार्ट्यांना मोठा मंच मिळाला. भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ साली आलं. त्यांनी आणि सावित्री मेधातुल यांनी त्यावर रंगमंचावर कार्यक्रमही केला. त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बारीतल्याच कलावंत स्वतः नाचतात, स्वतः अदा समजावून सांगतात. शहरातल्या बायका तिकीट काढून बघतात. इथं करण्यासारखी गोष्ट दिसते. परंपरेतल्या बाईची कला उचलून दुसरीनं नाचण्याऐवजी, तिलाच तिच्या नावासकट पुढं आणलं. इतिहासकार शैलजा पाईक यांनीही दलित तमाशा कलावंत बायांच्या जगण्यावर संशोधन करून २०२२ साली इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं. ज्यांचं नाव कुणी लिहीत नव्हतं, त्यांच्याबद्दल आता अभ्यासक लिहू लागले आहेत.

चाळ बांधायचे की नाही, हे तिनं ठरवायचं

इथं एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. कला, परंपरा, वारसा हे शब्द गोड आहेत, पण त्यांच्याआड पोरींवर जुलूमही झाला आहे. काही समाजांत घरातल्या मुलीनं नाचायचं आणि सगळ्या घरानं तिच्यावर बसून खायचं, तिनं लग्न करायचं नाही, अशी रूढी होती. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली आलं. त्यांची आई शांताबाई शिकून मास्तरीण होऊ पाहत होती, आणि तिला नाचायला लावलं गेलं. लेकानं आईचं नाव आपल्या नावात घेतलं. बापाचं नाव विचारणाऱ्या जगाला त्यानं आईचं नाव सांगितलं. आज १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव आधी येतं. ज्या लेकरांना कागदावर फक्त आईचं नाव होतं, त्यांनी हा रस्ता फार आधी आणि फार अपमान सोसून तुडवलेला आहे, हे आपण विसरू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मुंबईत मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत त्यांना तो धंदा सोडून स्वाभिमानानं जगायला सांगितलं. कष्ट पडले तरी चालतील, पण लाजिरवाणं जिणं नको, हा त्यांचा सांगावा होता. तो ऐकून कितीतरी बायांनी वाट बदलली, आणि त्यांच्या लेकी शिकल्या.

मग आपण कुणाची बाजू घ्यायची? नाचणाऱ्या विठाबाईंची की चाळ सोडणाऱ्या बायांची? सयांनो, मला वाटतं या दोन बाजू नाहीतच. दोघींनाही एकच गोष्ट हवी होती. आपलं अंग, आपली कला आणि आपलं नाव आपल्या ताब्यात असावं. पोटासाठी किंवा जातीसाठी कुणा पोरीच्या पायात चाळ बांधले जाऊ नयेत. आणि जिला मनापासून नाचायचं आहे, तिला ‘नाची’ म्हणून कुणी हिणवू नये. शाळा सोडायला न लावता जिला लावणी शिकता येते, तिच्याच बाबतीत आपण म्हणू शकतो की ही तिची आवड आहे.

यमुनाबाई वाईकरांचं आयुष्य आठवा. १९१५ साली वाईला जन्म, घरची अतिशय गरिबी. लहानपणी आईबरोबर रस्त्यावर खेळ करून पोट भरलं. तिथून निघून त्या बैठकीच्या लावणीतल्या सर्वांत जाणत्या कलावंत झाल्या. कथकचे थोर कलावंत बिरजू महाराज यांच्याबरोबर त्यांनी दिल्लीत लावणी पेश केली. २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली शंभरी ओलांडून त्या गेल्या. भीक मागायच्या वाटेवरून पद्मश्रीपर्यंत येणारी बाई शंभर वर्षांत एखादीच. तिच्याबरोबरच्या ज्या मागं राहिल्या, त्यांच्यात कला कमी होती असं नाही. त्यांना कुणी हात दिला नाही.

आपण काय करू शकतो

आता आपल्या गावाकडं येऊ. राज्याचं सांस्कृतिक खातं तमाशा-लावणीची शिबिरं भरवतं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथं लोककलेचं रीतसर शिक्षण मिळतं. पण गावातल्या पोरीपर्यंत हे सगळं पोचायला कुणीतरी मध्ये लागतं. ते ‘कुणीतरी’ आपण होऊ शकतो. त्याला फार पैसा लागत नाही. चार-पाच साध्या गोष्टी सांगते. गटाच्या बैठकीत बोलून बघा.

पहिली गोष्ट जत्रेची. जत्रा कमिटीत बहुतेक ठिकाणी पुरुषच असतात. ग्रामसभेत विचारा, फड येणार असेल तर त्यातल्या बायांना कपडे बदलायला बंद खोली आहे का? संडास आहे का? तान्ह्या लेकराला निजवायला जागा आहे का? सुपारीचे पैसे कार्यक्रम झाल्या झाल्या मिळतात की माणसं नंतर टोलवतात? शाळेच्या दोन खोल्या एका रात्रीपुरत्या उघडून दिल्या तरी पुष्कळ होतं.

दुसरी गोष्ट नावाची. आपण ८ मार्चला, हळदीकुंकवाला, गणपतीत कार्यक्रम करतो. फलकावर पुढाऱ्यांचे फोटो असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बहारदार लावण्यांचा कार्यक्रम’. करणारी कोण? तिचं नाव लिहा. ढोलकीवाल्याचंही लिहा. आणि वाढदिवसाला, मिरवणुकीला डीजेवर गाणं लावून पोरी नाचवण्यापेक्षा एकदा वाजवणाऱ्यांसकट पार्टी बोलवा आणि बायांनी समोर बसून बघा. समोर बाया बसल्या की बघणाऱ्यांची नजरही बदलते आणि नाचणारीचा जीवही मोकळा होतो.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्या कलावंतांची. तुमच्या पंचक्रोशीत एखादी थकलेली कलावंतीण असेल, मुरळी असेल, भारूड करणारी असेल, गोंधळ्यांच्या घरातली गाणारी असेल. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधनाची योजना आहे. अर्ज कसा करायचा, याची पंचायत समितीत चौकशी करता येते. कलावंत असल्याचे पुरावे, दाखले, जुने फोटो गोळा करणं तिला एकटीला जमत नाही. गटातल्या शिकलेल्या पोरींनी दोन दिवस काढले तर जमेल. आणि त्या निमित्तानं तिच्याजवळचं ऐकून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. तिला विचारून करा, आणि त्यावर तिचं नाव घाला.

चौथी गोष्ट शिकणाऱ्या पोरीची. फड गावोगाव फिरतो, त्यामुळं त्यातल्या लेकरांची शाळा सुटते. गावातल्या शाळेत असं एखादं लेकरू काही दिवसांसाठी आलं, तर त्याला बापाचं नाव खोदून खोदून विचारू नका, एवढं मास्तरांना आणि आपल्या पोरांना सांगायला पैसे लागत नाहीत. आणि आपल्याच घरातली पोरगी ढोलकीवर हात टाकू लागली, हलगी घुमवू लागली, तर ‘बाईमाणसाचं काम नव्हे’ म्हणून तिच्या हातातून ती काढून घेऊ नका.

पाचवी गोष्ट पैशाची. कलावंत बायांचा गट झाला तर तोही बचत गटच आहे. सावकाराची उचल आणि बँकेचं कर्ज यातला फरक तुम्ही अंगावर झेललेला आहे. खातं कसं उघडायचं, हिशोब कसा ठेवायचा, व्याज कसं मोजायचं, हे तुम्ही त्यांना शिकवू शकता. विठाबाईंच्या काळी त्यांच्या शेजारी असा एखादा गट असता, तर त्यांचं शेवटचं दुखणं कदाचित एवढं लाचारीचं झालं नसतं.

येत्या चैत्रात तुमच्या गावात पालखी निघेल, कुस्त्या होतील, रात्री तंबूपुढं दिवे लागतील. वगाच्या आधी माईकवर नावं पुकारतात. त्यात एखाद्या नव्या पोरीचं नाव येईल, आणि त्यापुढं तिच्या गावाचं नाव असेल. ते नीट ऐका. कोण जाणे, ते तुमच्याच गावाचं असेल.

भेटू पुढच्या वेळी. तोवर गटात बोला, आणि तुमच्या भागातल्या कलावंत बायांची नावं आम्हाला लिहून कळवा. त्यांची हरकत नसेल तर पुढच्या भाषणात ती नावं इथून वाचून दाखवू.

नमस्कार.